विश्लेषण : रक्तक्षयावर लाल गोळी पुरेशी आहे का?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील वाड्या-पाड्यांवर ‘अंगात रक्त कमी आहे’ हे निदान नवे नाही. त्यावरचे उत्तरही ठरलेले : लोहाची लाल गोळी. बहुतेकांना तिचा उपयोग होतो. ज्यांना होत नाही, त्यांना मात्र ‘गोळ्या खात नाहीस’ असे सुनावले जाते आणि पुढची तपासणी राहून जाते. खरा दोष येथेच आहे.

प्रश्न किती मोठा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त महिलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ च्या फेरीत ते ५४.२ टक्के झाले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. गरोदर महिलेचे हिमोग्लोबिन ११ पेक्षा आणि इतर महिलांचे १२ पेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात. गरोदर महिलेत सातच्या आणि इतर महिलांत आठच्या खाली गेल्यास तो तीव्र ठरतो.

रक्तक्षयाचे प्रकार कोणते?

सर्वाधिक आढळतो तो लोहाच्या कमतरतेचा. अपुरा आहार, मासिक पाळीतील जादा रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे आणि अनवाणी पायांतून शिरणारे आकडी जंत ही त्याची कारणे. यात लाल पेशी लहान होतात. बी-१२ किंवा फोलिक अ‍ॅसिड कमी पडल्यास त्या आकाराने मोठ्या होतात. सिकल सेल आणि थॅलेसेमिया हे आनुवंशिक आजार आहेत. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मूत्रपिंडाचे विकार, मलेरिया, क्षयरोग यांमुळेही रक्त कमी होते.

औषधे कशी बदलतात?

लोहाच्या कमतरतेवर गोळ्या आणि जंतनाशक अल्बेंडाझोल दिले जाते. गोळी चहा किंवा कॅल्शियमसोबत घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. शौचास काळे होणे हा गोळीचा नेहमीचा परिणाम आहे, त्याला घाबरून ती सोडू नये. गोळी सोसत नसेल किंवा बाळंतपण जवळ आले असेल, तर डॉक्टर शिरेतून लोह देतात.

बी-१२ची कमतरता असताना नुसते फोलिक अ‍ॅसिड दिले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी सुरूच राहते. सिकल सेलमध्ये हायड्रॉक्सीयुरिया वेदनेचे झटके कमी करते. मात्र त्यासाठी नियमित रक्ततपासणी लागते आणि गरोदरपणात ते टाळले जाते. तीव्र थॅलेसेमियात वारंवार रक्त द्यावे लागते, त्यातून शरीरात साचणारे लोह काढण्यासाठी वेगळी औषधे लागतात. अशा रुग्णाला तपासणीविना लोह देत राहणे घातक ठरू शकते.

कर्जत-खालापुरात अडते कुठे?

कातकरी समाज राज्यातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे. यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज गोळी घ्यायची असते. हा क्रम स्थलांतरात तुटतो. आशाताईंची वही वाडीवर राहते, गर्भवती भट्टीवर. तिला निष्काळजी ठरवणे सोपे आहे, पण गोळी तिच्यामागे भट्टीपर्यंत पोहोचवणे हे यंत्रणेचे काम आहे.

उपाय काय?

महिनाभर नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन एका अंकानेही वाढले नाही, तर रुग्णाला पुढे पाठवावे, असे ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’चे सूत्र सांगते. ते कसोशीने पाळले पाहिजे. संपूर्ण रक्तगणना आणि पेशींच्या आकाराची तपासणी ग्रामीण रुग्णालयातच झाली, तर रोजंदारी बुडवून पनवेल-अलिबाग गाठावे लागणार नाही. सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली, तिचे उद्दिष्ट २०४७ चे आहे. तोवर थांबायचे कारण नाही. स्थलांतरापूर्वीच तपासणी, हंगामभराच्या गोळ्या आणि सोबत नेता येईल असे कार्ड, एवढे तर आजही शक्य आहे. किती गोळ्या वाटल्या याचा हिशेब दरमहा होतो. किती जणींचे रक्त वाढले, याचाही व्हायला हवा.