चोर एकदा येऊन थांबत नाही



मागे एका हंगामात आमच्या शिवारात एका सभासदाच्या विहिरीवरची मोटार चोरीस गेली. चार दिवस पारावर दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणाले, चोराला चौकात बडवा. कोणी म्हणाले, कायदाच कडक पाहिजे. शेवटी सगळ्यांचे बोट वळले ते ऊसतोड मजुरांच्या कोप्यांकडे. खरे सांगायचे तर माझेही. पुढे कारखान्याचा पट्टा पडला, टोळी गावी गेली, आणि ऐन उन्हाळ्यात त्याच विहिरीवरची नवी मोटार पुन्हा गेली! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

यावरून इंग्लंडमधील रॉचडेलची एक हकिगत सांगावीशी वाटते. रॉचडेल हे नाव आपल्याला परके नाही. 1844 साली तेथील विणकर वगैरे 28 जणांनी टोड लेनमध्ये दुकान काढले आणि सहकाराचा पाया घातला. त्याच गावात कर्कहोल्ट नावाची सुमारे 2,280 घरांची सरकारी वस्ती होती. 1985 साली तेथे चार घरांमागे एक, इतक्या घरफोड्या होत होत्या.

मँचेस्टर विद्यापीठाचे केन पीझ आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे अभ्यास केला. नुसते पोलिसांचे कागद चाळले नाहीत. ज्यांची घरे फुटली त्यांना, त्यांच्या शेजाऱ्यांना, आणि पकडलेल्या चोरांनासुद्धा जाऊन विचारले. दोन गोष्टी कळल्या. एक, ज्याचे घर एकदा फुटले, ते पुन्हा फुटण्याचा धोका इतरांच्या चौपट. दुसरी, जवळजवळ निम्म्या घरफोड्यांत वीज-गॅसच्या मीटरमधली रोकड गेली होती. तेथे नाणे टाकून चालणारे मीटर असत. म्हणजे घरोघरी चोरासाठी भरलेला गल्लाच!

मग उपाय सोपा झाला. नाण्यांचे मीटर काढले. ज्याची चोरी झाली त्याच्याच दारे-खिडक्या आधी पक्क्या केल्या. त्याच्या आजूबाजूच्या पाच-सहा घरांनी त्या घरावर लक्ष ठेवायचे ठरवले. आदल्या वर्षी 526 घरफोड्या झाल्या होत्या, त्या पहिल्याच वर्षी 223 वर आल्या. तीन वर्षांत तर तीन-चतुर्थांश कमी झाल्या. पुढच्या टप्प्यात, माणूस चोरीकडे का वळतो याचाही विचार झाला, आणि कर्जात बुडालेल्यांसाठी बचत-कर्जाची सहकारी संस्था निघाली.

आपण मात्र उलटे धरून बसतो. ‘त्याची एकदा गेली, आता कशाला येतील?’ म्हणून निर्धास्त होतो. अहो, चोराला वाट माहीत झालेली असते, कुत्रे कुठे आहे ते ठाऊक असते, आणि आपण कर्ज काढून नवी मोटार बसवणार हेही तो जाणून असतो!

कर्कहोल्टची नक्कल करा, असे माझे म्हणणे नाही. इतर ठिकाणी तेच उपाय जसेच्या तसे उचलले, तेव्हा सगळीकडे तसे यश आले नाही. घ्यायची ती रीत. आधी मोजा, विचारा, मग खर्च करा. आपल्या गट ऑफिसात एक वही ठेवावी. कोणाची मोटार, केबल, स्टार्टर गेला, कोणत्या रात्री, वीज होती की नव्हती, आधी कधी गेला होता का, एवढेच लिहावे. मोटारीच्या बॉडीवर गट नंबर ठोकून घ्यावा, म्हणजे भंगारात विकताना अडचण होईल. आणि चोरी झालेल्या सभासदाच्या बांधाला लागून असलेल्या पाच-सहा जणांनी महिना-दोन महिने तेथे नजर ठेवावी. रात्रीच्या पाण्याच्या पाळीला आपण शिवारात जातोच. जाता-येता बॅटरी मारायला पैसे पडत नाहीत.

शिक्षा देणे हे कोर्टाचे काम, तपास पोलिसांचा. पण ज्याचे एकदा गेले, त्याचे दुसऱ्यांदा जाऊ न देणे हे शेजाऱ्याचे काम आहे. आणि पुराव्यावाचून गरिबाच्या कोपीकडे बोट दाखवणे हे तर कोणाचेच काम नाही.

संचालक मंडळाने वहीचा विचार करावा, ही नम्र विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद