विश्लेषण : दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को अंतर तेच, मग विमानाला लागणारा वेळ का बदलतो?

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या विमानतळांमधील किमान अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटर वेगाने १४ तासांच्या आत पोहोचायला हवे. मात्र या किमान अंतराच्या रेषेवरून विमान जातच नाही.

सरळ रेषेत अडचण काय?

पृथ्वी गोल असल्याने ही रेषा हिमालय, तिबेट, सायबेरिया आणि आर्क्टिक महासागरावरून जाते. केबिनमधील हवेचा दाब अचानक कमी झाला तर विमानाला साधारण तीन हजार मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते. तिबेटचे पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच! त्यामुळे विमाने पश्चिमेकडून, म्हणजे पाकिस्तानवरून, किंवा पूर्वेकडून वळसा घेतात.

लांबचा मार्ग लवकर कसा पोहोचवतो?

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने या मार्गावर अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून विमान नेले. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटर झाले, पण प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे दोन तास आधी संपला. मध्य अक्षांशांवर उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरहूनही अधिक असू शकतो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ते मागून ढकलतात, समोरून आले तर इंधन खातात. परतीचा प्रवास अटलांटिकवरून, तोही पूर्वेकडेच. थोडक्यात, जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणाच!

पाकिस्तानच्या बंदीने काय बदलले?

पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला निघालेल्या विमानांना आधी अरबी समुद्राकडे उतरावे लागू लागले. वळसा वाढला की इंधन जास्त भरावे लागते, वजन वाढते, मग प्रवासी किंवा माल कमी करावा लागतो. नाही तर वाटेत थांबावे लागते. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमाने इंधनासाठी व्हिएन्नात थांबू लागली, तर सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारे विमान कोलकात्यात. वैमानिकांच्या कामाच्या तासांना मर्यादा असल्याने त्यांची गरजही वाढते.

२०१९ मध्ये बालाकोटनंतरच्या अशाच बंदीत जुलैच्या सुरुवातीपर्यंत चार भारतीय कंपन्यांना सुमारे ५४८ कोटी रुपयांचा फटका बसला होता. त्यातले ४९१ कोटी एकट्या एअर इंडियाचे, कारण पश्चिमेकडे लांब पल्ल्याची उड्डाणे प्रामुख्याने तिचीच. या वेळी तिने दिल्ली-वॉशिंग्टन सेवाही १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली. नूतनीकरणासाठी विमाने बाहेर काढल्याने पडलेली तूट हे त्याचे दुसरे कारण.

परदेशी कंपन्यांना फायदाच?

पूर्णपणे नाही. युक्रेन युद्धानंतर रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झाले आणि युनायटेडने मार्च २०२२ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सेवा स्थगित केली. एअर इंडियाला तो रस्ता खुला राहिला, पण जोखमीसह. जून २०२३ मध्ये इंजिनातील बिघाडामुळे तिचे सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान पूर्व रशियातील मगादान येथे उतरवावे लागले. २१६ प्रवाशांना पर्यायी विमान येईपर्यंत तिथेच थांबावे लागले.