बारा घरांची जबाबदारी

१५ फेब्रुवारी १७४२ रोजी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याचे अनुयायी कर्जाची चिंता घेऊन जमले होते. १७३९ मध्ये उभारलेल्या ‘न्यू रूम’ या प्रार्थनागृहाचे पैसे फिटायचे होते. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवले, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. पुष्कळांना तेवढेही झेपणार नाही, असा आक्षेप आला. तेव्हा त्याने सगळ्यात गरीब अकरा जण स्वतःकडे मागून घेतले. दर आठवड्याला त्यांच्या घरी जायचे आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी आपण भरायची, असे त्याने कबूल केले.

इतरांनीही असेच गट वाटून घेतले. वर्गणीसाठी माणसे घरोघर जाऊ लागली आणि घरांची खरी अवस्था समोर आली. कोणी दारूत बुडालेला, कुठे नवरा-बायकोचे रोजचे भांडण. आपल्याला हवी होती ती व्यवस्था हीच, हे वेस्लीने ओळखले. मग या गटांच्या साप्ताहिक बैठका सुरू झाल्या. गट साधारण बारा जणांचा, त्यावर एक प्रमुख. हे प्रमुख दीक्षित धर्मगुरू नव्हते. साधे कामकरी होते, त्यांत स्त्रियाही होत्या. १७९१ मध्ये वेस्ली वारला तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या मेथडिस्ट सभासदांची संख्या ७२ हजारांवर गेली होती. त्याच काळात जॉर्ज व्हाइटफील्ड हा धर्मप्रचारक वेस्लीपेक्षा प्रभावी वक्ता मानला जाई. त्याच्या मैदानी सभांना हजारोंची गर्दी लोटे. मात्र ऐकणाऱ्यांना सांभाळणारी अशी घट्ट बांधणी त्याने केली नाही, आणि त्याच्यामागे वेस्लीसारखा पंथ उभा राहिला नाही.

आपल्याकडच्या कित्येक ख्रिस्ती मंडळ्यांनी हा भाग नीट वाचायला हवा. बायबल अभ्यासाला माणसे येत नाहीत, तरुण गळतात, कॉटेज प्रार्थनेला तीच पाच-सहा घरे दिसतात, अशी तक्रार झाली की उपाय ठरलेला असतो: नामांकित वक्ता बोलवा, मोठी सभा घ्या, मांडव घाला. सभा भरते, मांडव उतरतो, आणि पुढच्या बुधवारी पुन्हा तीच पाच-सहा घरे. आजारी पडलेल्या सभासदाकडे त्या आठवड्यात कोण गेले, याचे उत्तर मात्र कोणाकडेच नसते.

अभ्यासवर्गाची वेळ आणि भाषा कोणाच्या सोयीची आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. वेल्समध्ये ग्रिफिथ जोन्स या धर्मगुरूने १७३१ च्या सुमारास फिरत्या शाळा सुरू केल्या. शिक्षक एका गावात साधारण तीन महिने राहायचा, तेही शेतीची कामे मंदावलेल्या हिवाळ्यात. दिवसा ज्यांना जमत नसे त्यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग असत. शिकवणे वेल्श भाषेत आणि वाचायला वेल्श बायबल. १७६१ मध्ये जोन्स वारला, तोवर अशा तीन हजारांहून अधिक शाळा भरल्या होत्या आणि दीड लाखांहून अधिक जण त्यांत शिकून गेले होते.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी ही दृष्टी ठेवली होती. शिकलेल्यांपुरते न राहता साध्या बायकांनाही समजेल असे मराठी बायबल त्यांना हवे होते. आयुष्याची शेवटची अनेक वर्षे त्यांनी त्या भाषांतराला दिली. ते छापून पूर्ण झाले १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. निराधार स्त्रिया आणि मुलींसाठी त्यांनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेचे आवाहन केले. सुमारे ७० जणींपासून सुरू झालेला हा मेळावा काही महिन्यांत शेकडोंवर गेला. मुलींचे जथे प्रचारासाठी आसपासच्या गावांत जाऊ लागले. ज्यांना समाजाने टाकले होते त्यांच्यावर रमाबाईंनी काम सोपवले, हे त्यातले सर्वांत मोठे धाडस.

दक्षिण कोरियात सेऊलच्या चो योंग-गी या पाळकाला काम इतरांवर सोपवण्याचा हा धडा आजारपणाने शिकवला. १९६४ मध्ये मंडळी काही हजारांवर गेली होती आणि सगळा भार एकट्यावर घेणारा चो कोसळला. शहराचे विभाग पाडून घरोघरी गट चालवावेत, अशी कल्पना त्याने मांडली. पुरुष वडीलधारे कचरले; जबाबदारी स्त्रियांनी उचलली, तीही स्त्रीने पुढारपण करणे न रुचणाऱ्या समाजात. गट वाढला की त्याचे दोन करायचे आणि नवा प्रमुख आधीच तयार ठेवायचा, ही तिथली रीत. पुढे ही मंडळी जगातली सर्वांत मोठी म्हणून ओळखली गेली. मात्र २०१४ मध्ये मंडळीच्या पैशांच्या गैरव्यवहारात कोरियन न्यायालयाने चोला दोषी ठरवले. घराघरांतल्या गटात प्रत्येकाची विचारपूस होत होती. सर्वोच्च पदावरच्या माणसाला मात्र वेळीच जाब विचारला गेला नाही. केवळ संख्येला यश मानणाऱ्यांनी ही बाजूही पाहावी.

म्हणून मंडळीच्या वार्षिक सभेत हिशेब वाचून होतो तेव्हा सभासदांनी आणखी काही प्रश्न विचारावेत. या वर्षी गट चालवायला किती नव्या माणसांना शिकवले? त्यांत घरकाम करणाऱ्या बायका किती, रात्रपाळीचे कामगार किती? वक्त्यांच्या प्रवासावर आणि मांडवावर झालेल्या खर्चातला निम्मा भाग या प्रशिक्षणाकडे वळवायचा ठराव कोण मांडणार? पाळकांनीही बुधवारचा अभ्यास स्वतः घेण्याचा आग्रह सोडून एखाद्या नर्सला किंवा रिक्षाचालकाला तो घेऊ द्यावा, आणि आपण श्रोत्यांत बसावे.