विश्लेषण : ‘यात तुमचे काय?’ डिझायनर, कॉपीरायटर, एडिटर यांच्या मुलाखतीत हाच प्रश्न निर्णायक का ठरतो?

अंतिम वर्षाचे निकाल लागले की उपयोजित कला, ॲनिमेशन, छायाचित्रण किंवा माध्यम अभ्यासक्रमांतून बाहेर पडलेली मुले मुंबई-पुण्यातल्या जाहिरात संस्था, डिझाइन स्टुडिओ आणि निर्मिती संस्थांकडे अर्ज पाठवू लागतात. इंजिनीअरिंग किंवा कॉमर्सच्या उमेदवाराला टक्के आणि पदवी थोडेफार तारून नेतात. इथे गुणपत्रिकेकडे फारसे कोणी पाहत नाही. पाहतात ते काम. आणि काम समोर ठेवले की मुलाखत घेणारा त्यावर बोट ठेवून विचारतो, यात तुमचे काय? सीव्ही, पोर्टफोलिओ आणि मुलाखत या तिन्हींची तयारी म्हणजे या एका प्रश्नाच्या उत्तराची तयारी आहे, असे आमचे मत आहे. बहुतेकांची मेहनत मात्र भलतीकडेच खर्च होते.

सीव्ही सजवावा की साधा ठेवावा?

साधा ठेवावा. हे सांगितले की कलाशाखेची मुले नाराज होतात. ‘आम्ही डिझायनर, आमचा सीव्ही वर्डमधल्या कारकुनासारखा कसा चालेल?’ त्यातून मग काळ्या पार्श्वभूमीवर राखाडी अक्षरे, गोलातला फोटो आणि कौशल्यांच्या रंगीत पट्ट्या तयार होतात. फोटोशॉप ९० टक्के, इलस्ट्रेटर ८५ टक्के! कशाच्या ९० टक्के, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा ‘फोटोशॉप : छायाचित्रांचे रिटचिंग, छपाईसाठी फाइल तयार करणे’ एवढे लिहिले तरी वाचणाऱ्याला काहीतरी कळते.

साधेपणामागे तांत्रिक कारणही आहे. मोठ्या कंपन्यांत अर्ज अनेकदा आधी सॉफ्टवेअरमधून जातो. इलस्ट्रेटरमध्ये सगळ्या अक्षरांचे आउटलाइन करून बनवलेल्या पीडीएफमध्ये सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मजकूरच नसतो, नुसते आकार असतात. याची परीक्षा घरच्या घरी होते. आपली पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. नाव, फोन, कामाचा अनुभव ओळीने वाचता आला तर ठीक. मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हांची रांग दिसते. सीव्ही युनिकोडमध्येच हवा. युनिकोडमधल्या चांगल्या देवनागरी फॉण्टची आता वानवा नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ मोफत मिळतात. तरीही पीडीएफमधून कॉपी करताना जोडाक्षरे कधी कधी फुटतात, म्हणून नाव, फोन नंबर आणि कामाची लिंक ईमेलच्या मजकुरातही लिहावी.

आपल्याकडे नोकरीच्या आणि लग्नाच्या कागदाला एकच शब्द आहे, बायोडेटा. त्यामुळे की काय, वडिलांचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद : वाचन-संगीत हे सगळे नोकरीच्या अर्जातही उतरते. यातले काहीही लागत नाही. आधार किंवा पॅन क्रमांक तर निवड होईपर्यंत कोणालाही देऊ नये.

नोकरीचा अर्ज म्हणून दाखवले जाणारे सर्वांत प्रसिद्ध पत्र लिओनार्दो दा व्हिंचीचे आहे. साधारण १४८२ च्या सुमारास त्याने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाला लिहिलेल्या या पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यात हलवता येणारे पूल, तोफा, चिलखती गाड्या, वेढा फोडण्याच्या युक्त्या अशी यादी आहे. चित्रकला आणि शिल्पकला येते अगदी शेवटी. ज्या सत्ताधीशाला युद्धाची चिंता आहे त्याला आधी काय सांगायचे, हे चित्रकाराला नेमके कळले होते. एकच सीव्ही चाळीस ठिकाणी पाठवणाऱ्यांनी हे पत्र वाचावे. पॅकेजिंग करणाऱ्या स्टुडिओला जाणाऱ्या अर्जात पहिले काम पॅकेजिंगचे हवे, सोशल मीडिया सांभाळणाऱ्या संस्थेला जाणाऱ्या अर्जात दुसरे.

गणेश मंडळाचा फ्लेक्स पोर्टफोलिओत ठेवावा का?

हा प्रश्न विनोदाने घेऊ नये. सांगली, लातूर, जळगावहून येणाऱ्या मुलांनी शिकताना भरपूर काम केलेले असते. लग्नपत्रिका, मसाल्याची पाकिटे, क्लासच्या जाहिराती, मंडळांचे फ्लेक्स. पोर्टफोलिओ करताना मात्र हे सगळे लपवले जाते आणि त्याजागी येते एखाद्या जगप्रसिद्ध बुटांच्या कंपनीच्या लोगोचे ‘रिडिझाइन’, जे कोणी मागितलेले नव्हते. असे काल्पनिक काम सरावासाठी चांगले असते, एखादे दाखवायलाही हरकत नाही. पण त्यात ग्राहक नाही, बजेट नाही, मुदत नाही आणि ‘नको’ म्हणणारे कोणी नाही.

फ्लेक्समध्ये हे सगळे असते. मजकूर रात्री अकराला बदलतो, सकाळी सहाला तो चौकात लागायचा असतो. पंधरा फोटो बसवायचे असतात आणि कोणाचा फोटो कोणापेक्षा मोठा, यावरून मंडळात भांडण होऊ शकते. डिझाइनच्या भाषेत याला दृश्य क्रमवारी म्हणतात आणि ती वर्गातल्या कोणत्याही अभ्यासापेक्षा इथे कठोरपणे शिकायला मिळते. मसाल्याच्या पाकिटाचेही तसेच. दोनच रंगांत छापायचे, कारण प्लेटचा खर्च परवडत नाही. नाव दुकानाच्या मागच्या फळीवरूनही वाचता आले पाहिजे. उत्पादकाच्या आईचा फोटो काढायचा नाही, हीसुद्धा अट! अशा तीन अटी सांगून मग पाकीट दाखवले की मुलाखत घेणारा पुढे सरकून बसतो.

अट एकच. काम बटबटीत असेल तर ते तसेच ठेवू नये. ग्राहकाने मान्य केलेले आणि तुम्हाला योग्य वाटलेले, अशी दोन्ही रूपे शेजारी ठेवावीत आणि फरक एका वाक्यात सांगावा.

किती कामे दाखवावीत, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आठ-दहा चांगली पुरतात आणि सर्वांत कमकुवत कामावरूनच तुमचा अंदाज केला जातो. व्हिडीओ एडिटरने शोरील दीड मिनिटाच्या आत ठेवावे, सर्वांत चांगला तुकडा अगदी सुरुवातीला. लिंक दुसऱ्याच्या फोनवरून उघडून पाहावी. गूगल ड्राइव्हने परवानगी मागितली की अनेकदा अर्ज तिथेच संपतो, कारण परवानगी मागत बसायला कोणाला वेळ नसतो. फाइल जोडायची असेल तर जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे आणि ती पाहणारा बहुधा फोनवर, लोकलमध्ये उभा असतो.

चार जणांनी केलेल्या कामात आपले काय सांगावे?

जाहिरात, चित्रपट, मालिका, ॲप यांतले जवळजवळ कोणतेच काम एकट्याचे नसते. तरी पोर्टफोलिओत चार जणांचे काम चौघेही ‘माझे’ म्हणून दाखवतात. हे क्षेत्र लहान आहे, मुलाखत घेणाऱ्याने त्याच कामाची दुसरी प्रत गेल्याच आठवड्यात पाहिलेली असू शकते. प्रत्येक कामाखाली एक ओळ पुरते : ‘मांडणी आणि अक्षरलेखन माझे, छायाचित्रे सहकाऱ्याची, संकल्पना आर्ट डायरेक्टरची.’ यामुळे तुमचे काम लहान वाटेल ही भीती निराधार आहे. ‘संकल्पना माझी नव्हती, पण देवनागरी अक्षरांचा आकार मी तीनदा बदलला, कारण इंग्रजीशेजारी ती बारीक दिसत होती’ असे सांगणारा उमेदवार भरवशाचा वाटतो.

नोकरीत केलेले काम दाखवताना कायदा माहीत असावा. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी नोकरी देणाऱ्याची असते. पण हक्क दुसऱ्याला गेल्यावरही ‘हे मी केले आहे’ असे सांगण्याचा निर्मात्याचा अधिकार कलम ५७ राखून ठेवते. प्रसिद्ध झालेले काम श्रेयासह दाखवणे सहसा अडचणीचे नसते. प्रसिद्ध न झालेले काम, किंवा गोपनीयतेचा करार केलेले काम, जुन्या कंपनीला विचारल्याशिवाय दाखवू नये. त्याने नव्या कंपनीलाही कळते की उद्या तुम्ही त्यांचे गुपितही असेच दाखवाल.

मुलाखतीत नेमके काय बोलायचे?

स्वतःबद्दल कमी, निर्णयांबद्दल जास्त. दोन कामे निवडावीत आणि प्रत्येकावर तीन मिनिटे बोलता येईल अशी तयारी करावी. काय मागितले होते, अडचण काय होती, कोणते पर्याय फेटाळले आणि का, शेवटी काय झाले. फेटाळलेले पर्याय सर्वांत महत्त्वाचे, कारण विचार तिथेच दिसतो. वहीतली कच्ची रेखाटने फेकू नयेत ती यासाठीच.

मराठी कॉपीरायटरचे उदाहरण घ्या. त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा हिंदी किंवा इंग्रजीत आधीच पक्की झालेली ओळ येते. हिंदीतल्या ‘अपनापन’चे काय करायचे? ‘आपलेपणा’ बरोबर आहे, पण कोरडा. ‘जिव्हाळा’ जवळचा आहे, पण मोबाइल कंपनीच्या तोंडी जड होतो. की शब्द सोडून ‘घरच्यासारखे’ म्हणायचे? मूळ ओळ, आपली ओळ आणि टाकून दिलेल्या दोन ओळी एकाच पानावर ठेवल्या तर तो उमेदवार भाषांतर यंत्रापेक्षा वेगळा कसा, हे सांगत बसावे लागत नाही.

यंत्राचा विषय निघणारच. मिडजर्नी किंवा चॅटजीपीटी वापरले असेल तर कुठे वापरले ते स्वतःहून सांगावे. लपवणे आता अवघड आहे. मुलाखतीत लेयर असलेली मूळ फाइल उघडायला सांगितली किंवा ‘हाच हात थोडा खाली घेऊन दाखवा’ म्हटले की उलगडा होतो.

इंग्रजीची भीती अनेकांना असते आणि ती खोटी नाही. मुंबई-पुण्याच्या अनेक कार्यालयांत बोलणे इंग्रजी-हिंदीतच होते. पण पाठ केलेल्या इंग्रजी परिचयापेक्षा मिश्र भाषेत नीट समजावलेले काम जास्त चालते. आपले तीन मिनिटांचे बोलणे फोनवर रेकॉर्ड करून ऐकावे. पहिल्यांदा ऐकताना लाज वाटते, तिसऱ्यांदा चुका दिसू लागतात. पगाराचा आकडा सांगितला गेला तर तो सीटीसी आहे की हातात पडणारा, हे तिथेच विचारून घ्यावे.

‘टेस्ट’ फुकट करून द्यावी का?

मुलाखतीनंतर ‘एक छोटी टेस्ट पाठवतो’ असा निरोप येतो. दोन तासांचा काल्पनिक विषय असेल तर तक्रार करण्यासारखे काही नाही, उमेदवाराचा हात पाहण्याचा तो रास्त मार्ग आहे. पण एखाद्या खऱ्या ग्राहकाच्या दिवाळी मोहिमेच्या दहा पोस्ट, ओपन फाइलसकट, सोमवारपर्यंत, असे काम आले तर त्याला टेस्ट म्हणू नये. ती मजुरी आहे आणि तिचे पैसे दिले पाहिजेत. ज्या संस्था नवख्यांकडून असे काम काढून घेतात, त्यांना सवय लावण्यात ‘सगळेच करतात’ म्हणणाऱ्या आपल्या शिक्षकांचा आणि वरिष्ठांचाही हात आहे.

कायदा इथे निम्माच मदतीला येतो. तुम्ही अजून नोकर नाही आणि मोबदलाही घेतलेला नाही, त्यामुळे टेस्टमधल्या चित्राचा किंवा मजकुराचा हक्क तुमच्याकडेच राहतो. कलम १९ प्रमाणे तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. म्हणून अर्जाच्या फॉर्मखालची बारीक अक्षरे वाचावीत, ‘पाठवलेल्या कामाचे सर्व हक्क कंपनीचे’ असे वाक्य तिथे दडलेले असू शकते. कल्पनेला मात्र संरक्षण नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले : नुसत्या कल्पनेवर किंवा विषयावर स्वामित्वहक्क नसतो, तो मांडणीवर असतो. आनंद यांचे नाटक आणि नंतर आलेला चित्रपट यांचा विषय मिळताजुळता होता, तरी निकाल त्यांच्या विरोधात गेला. मुलाखतीत तोंडी सांगितलेली मोहिमेची भन्नाट कल्पना कोणी उचलली तर हाती फारसे काही उरत नाही.

पहिलीच नोकरी शोधणाऱ्याने नकार कसा द्यायचा, हा खरा पेच आहे. घरभाडे डोक्यावर असताना तत्त्व सांगणे सोपे नाही. सरळ नकाराऐवजी तीन गोष्टी विचारता येतात : यासाठी साधारण किती तास अपेक्षित आहेत, काम प्रत्यक्ष वापरले जाणार आहे का, आणि वापरले तर मानधन किती. हे ईमेलवर विचारावे, फोनवर नाही. उत्तर आले नाही तरी पूर्ण मोहिमेऐवजी एकच पोस्ट आणि विचार समजावणारे एक पान, कमी रिझोल्यूशनच्या पीडीएफमध्ये, नाव आणि तारखेसह पाठवता येते. ओपन फाइल देऊ नये. सोबत एवढी ओळ पुरे : ‘हे काम केवळ निवड प्रक्रियेसाठी आहे. वापरायचे असल्यास कृपया कळवा, मानधन ठरवू.’ या ओळीवर चिडणाऱ्या संस्थेत महिनाअखेरीस पगारासाठी किती फोन करावे लागतील, याचाही अंदाज येतो.