तिसरी पिन

नालासोपारा-विरारमधल्या वीस-पंचवीस वर्षांच्या इमारतींत सध्या घरे नवी करून घेण्याची लाट आहे. पीओपी, दोन एसी, मॉड्युलर स्विचच्या चकचकीत प्लेट. त्या प्लेटवर तीन पिनांचे सॉकेट असते, वरचे भोक जरा मोठे. त्याच्यामागे हिरवी वायर असायला हवी. कित्येक घरांत तिथे काहीच नसते.

जुनी प्लेट उघडताच कंत्राटदार हे सांगतो. मीटरपासून नवी केबल ओढा, अर्थिंग करून घ्या, डीबीत, म्हणजे घरातल्या वितरण पेटीत, आरसीसीबी बसवा. घरमालकाचे उत्तर ठरलेले: 'अहो, इतकी वर्षं गिझर चालतोय, कुणाला काही झालंय का?' मग कोटेशनवर पेन फिरते आणि नेमके हेच खोडले जाते. टाइल्सचा ब्रँड मात्र खाली येत नाही. पाहुण्यांना दिसत नाही त्यावर पैसा कशाला घालायचा, असा रोकडा हिशेब.

कुणाला काही झाले नाही, हे खरेही असेल. गिझरची कॉइल आतून फुटेपर्यंत काही होतच नसते. फुटली की वीज जमिनीकडे जायला वाट शोधते. हिरवी वायर असेल तर तिथून जाते. नसेल तर ओल्या फरशीवर उभा असलेला माणूस आहेच. ३० मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडणारी आरसीसीबी त्या क्षणासाठी असते. ती बसवलीच, तर आठवड्याभरात फोन येतो: 'सारखी पडते, बायपास करून टाका.' का पडते, हे विचारायला कुणी फोन करत नाही.

निरीक्षक येऊन कान उपटील, ही आशा नको. विद्युत निरीक्षक लिफ्ट तपासतो. तुमच्या बाथरूमपर्यंत तो पोचत नाही. एप्रिल २०२१ मध्ये विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या आगीत १५ रुग्ण गेले, तेव्हा ऑडिट आठवले तेही रुग्णालयांचे. घरापुरता निरीक्षक म्हणजे टेस्ट रिपोर्टचा कागद. वाढीव भारासाठी तो महावितरणला द्यायचा, खाली परवानाधारक कंत्राटदाराची सही. इन्सुलेशन किमान एक मेगओहम हवे, अर्थिंगचा आकडा हवा. हे मोजायचे यंत्र, मेगर, पिशवीतून बाहेर न काढताही हे रकाने भरता येतात. भरलेही जातात. सही करणाऱ्याचे बिल मालकच चुकते करणार असतो. आणि एकाने सही नाकारली, तर संध्याकाळपर्यंत दुसरा सापडतो.

म्हणून मालकाची समजूत घालत बसण्यात अर्थ नाही. कोटेशनमध्ये अर्थिंग आणि आरसीसीबीची वेगळी ओळ टाकली, की ती खोडली जाणारच. वायरिंगच्या दरातच त्या धराव्यात, आणि हे आधी तोंडावर सांगावे. तरीही मालक अडून बसला, तर काम सोडावे आणि का सोडले ते सोसायटीला लेखी द्यावे. धंद्यात हे जड जाते, कबूल. पण उद्या काही झाले तर चौकशी कागदावरच्या सहीपासून सुरू होईल, टाइल्सपासून नाही.

सोसायट्यांची तऱ्हा तर आणखी निराळी. कामाची एनओसी देताना डेब्रिजचे डिपॉझिट घेतात, लिफ्टच्या वेळा बजावतात, दुपारी ठोकाठोक नको म्हणतात. लोड किती वाढणार, हा प्रश्न फॉर्मवर नसतो. एसीची केबल मात्र सगळ्यांच्या मीटर रूममधूनच वर जाते. खाऱ्या हवेत आणि खाऱ्या मातीत अर्थिंगचा पाइप किती लवकर सडतो, हे वसईकराला सांगायला नको. जुलै २०१८ च्या पुराने तळमजल्यावरच्या मीटरचे काय केले, तेही नको. तेव्हा एनओसीत एक अट वाढवावी: काम संपल्यावर मेगर कमिटीच्या माणसासमोर लावायचा, आकडे त्याने वहीत उतरवायचे, आणि डिपॉझिट त्यानंतरच परत.