रिठा, शिकेकाई आणि मात्रेचे भान

रायपूरच्या गोल बाजारातील काष्ठौषधींच्या दुकानांत रिठा, शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा आणि मुलतानी माती आजही सुटी मिळते. मराठी घरांत नरक चतुर्दशीच्या अभ्यंगाला तेलानंतर शिकेकाई लावण्याची परंपरा आहे, तर छत्तीसगढच्या खेड्यांत तळ्याकाठच्या काळ्या मातीने डोके चोळून धुण्याची रीत जुनी आहे. शॅम्पूच्या पुड्यांनी या दोन्ही रीती मागे सारल्या होत्या. आता शहरी कुटुंबे पुन्हा त्यांच्याकडे वळू लागली आहेत. मात्र त्यासाठी दिले जाणारे कारण तपासून पाहण्यासारखे आहे. ‘शॅम्पूत रसायने असतात, रिठ्यात नसतात’ असे ते कारण आहे. रिठा वापरण्यात गैर काहीच नाही, परंतु हे कारण चुकीचे आहे, आणि चुकीच्या कारणाने स्वीकारलेली चांगली वस्तू पुष्कळदा चुकीच्या पद्धतीने वापरली जाते.

रिठ्याच्या टरफलात वजनाच्या सुमारे १० टक्के सॅपोनिन असते. ते रसायनच आहे, आणि वनस्पतीने ते मानवाच्या केसांसाठी तयार केलेले नाही. जमिनीतून वा हवेतून येणाऱ्या बुरशीला रोखणे, पाने-फळे कुरतडणाऱ्या अळ्यांचे खाणे मंदावणे, हे सॅपोनिनचे निसर्गातील काम. पेशीच्या पातळ आवरणातील कोलेस्टेरॉलसारख्या घटकांशी ते जोडले जाते आणि आवरणाला छिद्रे पाडते. ज्या गुणामुळे रिठा केसांवरील तेल सोडवतो, त्याच गुणामुळे तो झाडाचे रक्षण करतो. कीटकशास्त्राच्या दृष्टीने रिठा व शिकेकाई ही प्रथम संरक्षक द्रव्ये आहेत, आणि त्यानंतर प्रसाधने.

रिठा म्हणून बाजारात येणारे फळ एकाच झाडाचे नसते. हिमालयाच्या पायथ्याचा रिठा ‘सॅपिंडस मुकोरोसी’ या जातीचा, तर दक्षिण व मध्य भारतातील रिठा ‘सॅपिंडस ट्रायफोलिएटस’ या जातीचा. शिकेकाई ही बाभळीच्या नात्यातील काटेरी वेल असून तिच्या वाळलेल्या शेंगा वापरल्या जातात. या सर्वांतील सॅपोनिनचा रेणू दोन टोकांचा असतो. एक टोक शर्करेचे, पाण्याशी जुळणारे. दुसरे तेलाशी जुळणारे. तेलाचा सूक्ष्म थेंब या रेणूंनी वेढला गेला की तो पाण्याबरोबर वाहून जातो. शॅम्पूतील सोडियम लॉरेथ सल्फेट हेच काम अधिक जोमाने आणि अधिक फेसाने करते. तत्त्व एकच आहे. फरक आहे तो जोराचा, मात्रेचा आणि सोबतच्या घटकांचा.

रायपूरच्या परिसरात रिठ्याचा आणखी एक उपयोग ध्यानात येतो. हा प्रदेश चुनखडीच्या खडकावर वसलेला आहे. आसपासचे सिमेंटचे कारखाने त्या खडकाच्याच आधाराने उभे राहिले. त्यामुळे अनेक कूपनलिकांचे पाणी जड असते. जड पाण्यातील कॅल्शियमशी अंगाच्या साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. सॅपोनिनचा असा साका होत नाही. शॅम्पूचाही फारसा होत नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे या भागात केसांना खरा अपाय अंगाच्या साबणाने होतो. रिठा आणि सौम्य शॅम्पू हे दोन्ही त्याहून बरे पर्याय आहेत.

घरगुती पर्यायांच्या यादीत सर्वच वस्तू समान योग्यतेच्या नाहीत, हे समजण्यासाठी छत्तीसगढच्या कोशाचे उदाहरण उपयुक्त ठरेल. चांपा, कोरबा, रायगड या भागांत ऐन आणि अर्जुन वृक्षांवर वाढणाऱ्या टसर अळीच्या कोशांपासून प्रसिद्ध कोसा वस्त्र विणले जाते. रेशीम आणि केस ही दोन्ही प्रथिनांचीच बनलेली आहेत. कोशातील धागे एकमेकांना धरून ठेवणारा डिंकासारखा थर काढण्यासाठी कोश धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळतात. अल्कधर्मी पाणी तो थर विरघळवते. मात्र तयार झालेली कोसा साडी धुताना जाणकार घरांत सोडा वापरत नाहीत, रिठ्याचे पाणी वापरतात. सोडा कोशाचा थर उतरवण्यासाठी, रिठा तयार वस्त्र राखण्यासाठी, हा भेद परंपरेने अनुभवातून शिकलेला आहे.

केसांनाही हाच न्याय लागू होतो. डोक्याच्या त्वचेचा सामू सुमारे ५.५ असतो, केसांच्या पृष्ठभागाचा त्याहूनही कमी. रिठा व शिकेकाई यांचे पाणी आम्लधर्मी असल्याने केसांवरील खवल्यांसारखे आवरण मिटलेले राहते. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू ८ च्या वर जातो. त्याने केस पहिल्या दिवशी स्वच्छ वाटतात. परंतु वारंवार वापराने खवले उघडतात, केस गुंततात आणि तुटतात. ‘शॅम्पूऐवजी सोडा’ हा सल्ला म्हणूनच टाकून द्यावा. उलट टोकाला लिंबाचा रस आहे. तो अतिशय आम्ल असतो, आणि त्याच्या सालीतील काही द्रव्ये त्वचेवर राहून ऊन लागल्यास त्वचा भाजल्यासारखी होते व काळे डाग उमटतात. रायपूरच्या वैशाखातील उन्हात हा धोका पुस्तकी राहत नाही. बेसन, दही, तांदळाची पेज यांचे काम मर्यादित आहे: बेसन थोडे तेल शोषते, दही व पेज केसांवर पातळ लेप देतात. त्यांपासून रिठ्याइतकी स्वच्छता अपेक्षू नये. मातीही तेल शोषते; मात्र कीडनाशके व तणनाशके फवारलेल्या शेताची माती डोक्याला लावणे सर्वथा अयोग्य होय.

मात्रेचा प्रश्न सर्वांत स्पष्ट होतो तो मोहाच्या पेंडीच्या उदाहरणाने. मोहाच्या बियांचे तेल काढून उरलेल्या पेंडीत ४ ते ६ टक्के सॅपोनिन असते. तमिळनाडूत या पेंडीची पूड तेलकट केस धुण्यासाठी वापरण्याची जुनी पद्धत आहे. हीच पेंड मत्स्यशेतीत, बीज सोडण्यापूर्वी तळ्यातील नको असलेले मासे मारण्यासाठी वापरतात. एक मीटर खोल पाण्यासाठी हेक्टरी २,००० ते २,५०० किलो ही प्रचलित शिफारस. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि तांबड्या पेशी फोडते. पंधरा ते वीस दिवसांत विषाचा प्रभाव ओसरतो व पेंड खतासारखी उपयोगी पडते. वस्तू एकच, एका ठिकाणी ती न्हाण्याची पूड, दुसऱ्या ठिकाणी मत्स्यविष. तळ्यावर दोन-चार जणींनी शिकेकाईने केस धुतल्याने मासे मरत नाहीत, हे खरे. परंतु ‘नैसर्गिक असल्याने कितीही चालते’ हे म्हणणे मोहाची पेंड एका वाक्यात खोटे ठरवते.

या गैरसमजाची खरी किंमत केस मोजत नाहीत. ती मुलींचे डोळे मोजतात. केस धुण्याच्या घरगुती उपायांची गाडी लवकरच उवांवर येते, आणि तेथे सीताफळाच्या बियांची पूड हा उपाय हमखास सांगितला जातो. कांकेरच्या डोंगराळ भागात आणि महाराष्ट्रातील बीड, धाराशिव, पुणे या जिल्ह्यांत सीताफळ विपुल असल्याने बिया घरोघरी असतात. या बियांतील ॲसिटोजेनिन ही द्रव्ये पेशीच्या ऊर्जानिर्मितीवरच घाव घालतात. त्यांचा कीटकनाशक गुण अस्सल आहे, आणि म्हणूनच ती घरगुती वापरास अयोग्य आहेत. डोके धुताना ही पूड डोळ्यांत उतरली, तर बुबुळाच्या वरच्या थराला इजा होते. तीव्र वेदना, लाली, पाणी आणि प्रकाश सहन न होणे ही लक्षणे दिसतात. भारतातील नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत केलेली आहे. असे घडल्यास डोळा किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा आणि विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे जावे. घरातील कोणताही दुसरा ‘नैसर्गिक’ थेंब डोळ्यांत घालू नये.

याहून भयंकर प्रकार म्हणजे शेतात फवारण्याच्या कीटकनाशकाचे चार थेंब तेलात मिसळून लेकराच्या डोक्याला चोळणे. डोक्याची त्वचा हाताच्या त्वचेपेक्षा कितीतरी अधिक शोषून घेते. खाजवून झालेल्या जखमांतून शोषण आणखी वाढते. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकाने अशा वापरातून विषबाधा होते आणि मृत्यूही ओढवतो. औषधांच्या दुकानात उवांवर मिळणाऱ्या पर्मेथ्रिनच्या १ टक्का लोशनचा आणि शेतीच्या औषधाचा घटक एकाच गटातील असला, तरी शेतीच्या द्रावणातील तीव्रता व विद्रावक मानवी त्वचेसाठी तपासलेले नसतात.

उवांचे जीवनचक्र पाहिले, तर या धोकादायक उपायांची गरजच उरत नाही. मादी दिवसाला सात-आठ लिखा घालते. त्या केसाच्या मुळाजवळ चिकट द्रव्याने घट्ट बसवलेल्या असतात आणि साधारण आठ-नऊ दिवसांत फुटतात. बाहेर आलेली पिले पुढील नऊ ते बारा दिवसांत प्रौढ होतात. डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांपेक्षा अधिक जगत नाही. रिठा वा शिकेकाईने लिखा मरत नाहीत. पाण्यात बुडवून उवाही सहज मरत नाहीत, कारण त्या श्वसनरंध्रे मिटून तासन्‌तास तग धरतात. केस ओले व निसरडे असताना बारीक दातांची फणी दर दोन-तीन दिवसांनी, किमान दोन आठवडे आणि एकही ऊ दिसेनाशी होईपर्यंत फिरवणे, हा जीवनचक्र तोडण्याचा बिनविषारी मार्ग आहे. घरातील सर्वांची डोकी एकाच वेळी तपासली पाहिजेत. ऊ डोक्याला डोके लागल्याने पसरते. ती अस्वच्छतेची खूण नव्हे, आणि शाळेतील मुलीला त्यावरून लाजवणे अन्यायाचे होय.

आता प्रश्न संशोधन संस्थांच्या कर्तव्याचा. कडुनिंबाच्या बाबतीत देशाने एक चांगला पायंडा पाडलेला आहे. कडुनिंब गुणकारी आहे, एवढ्यावर न थांबता कीटकनाशक कायदा, १९६८ अन्वये नोंदणी झालेल्या कडुनिंबयुक्त औषधाच्या बाटलीवर ॲझाडिरॅक्टिनचे प्रमाण छापले जाते: ३०० पीपीएम, १,५०० पीपीएम किंवा १०,००० पीपीएम. शेतकरी त्यावरून मात्रा ठरवतो. सुट्या विकल्या जाणाऱ्या रिठा-शिकेकाईच्या पुडीवर मात्र झाडाची जात, सॅपोनिनचे प्रमाण, दळल्याचा दिनांक किंवा डोळ्यांविषयीचा इशारा, यांपैकी काहीच नसते. साठवणीत या शेंगांना लॅसिओडर्मासारखे भुंगेरे लागतात आणि किडलेला माल दळल्यावर ओळखू येत नाही.

वनोपज गोळा करणाऱ्या आदिवासी स्त्रियांच्या हितासाठीही हे महत्त्वाचे आहे. छत्तीसगढ राज्य लघु वनोपज संघ ‘छत्तीसगढ हर्बल्स’ या नावाने महिला बचत गटांची उत्पादने विकतो. अशा उत्पादनांना टिकाऊ भाव मिळायचा असेल, तर ‘रसायनमुक्त’ या शब्दापेक्षा ‘सॅपोनिन इतके टक्के, मात्रा इतकी’ हा मजकूर अधिक काळ साथ देईल. रायपूरमध्ये १९८७ पासून इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे. जवळच बरोंडा येथे राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, जिचा नवा परिसर २८ सप्टेंबर २०२१ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. किडींविरुद्ध वनस्पतिजन्य द्रव्ये तपासण्याचे ज्ञान आणि साधने अशा संस्थांकडे असतात. रिठा, शिकेकाई व मोहाची पेंड यांच्या प्रतवारीची सोपी कसोटी, साठवणीची पद्धत आणि सुरक्षित मात्रा बचत गटांपर्यंत पोहोचवणे, हे कीड व्यवस्थापनाइतकेच त्यांचे काम मानले गेले पाहिजे. कृषी विज्ञान केंद्रांच्या महिला प्रशिक्षणात सीताफळाच्या बिया व शेतीच्या औषधांविषयीचा इशारा तर विनाविलंब समाविष्ट व्हावा.

तोपर्यंत घरात पाळावयाचे नियम थोडेच आहेत. रिठ्याची बी काढून टाकावी. चार-पाच टरफले अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, कुस्करून, दाट फडक्याने गाळून घ्यावीत. प्रथम वापरताना कानामागे थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. डोळे मिटून, डोके मागे झुकवून धुवावे आणि दोन-तीन मिनिटांत भरपूर पाण्याने निथळावे. या पाण्यात परिरक्षक नसतो, म्हणून ते साठवू नये. उरले तर कोसा साडीसाठी वापरावे, तळ्यात ओतू नये. खाज, खपल्या किंवा केसगळती टिकून राहिली, तर त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. सौम्य शॅम्पू ज्यांना मानवतो, त्यांनी तो अपराधी भावनेशिवाय वापरावा. शेतकरी फवारणीपूर्वी जे तीन प्रश्न विचारतो, म्हणजे वस्तू कोणती, मात्रा किती आणि काळजी कोणती, तेच प्रश्न न्हाणीघरातही विचारले गेले पाहिजेत.