प्रयोगशाळेतली रक्तवाहिनी : बायपासच्या पेशंटला काय मिळाले?

घरात अब्बांची किंवा मामूंची बायपास झाली असेल, तर पायावरची ती लांब शिवण आपण पाहिलेली असते. दुखणे छातीत, मग पाय का कापला? कारण हृदयाला जोडायला बहुतेक वेळा पायातलीच शीर काढतात. पण ज्यांच्या शिरा खराब आहेत किंवा आधीच्या ऑपरेशनमध्ये वापरून झाल्या, त्यांनी काय करायचे?

प्लास्टिकची नळी आहेच की! आहे, पण ती जाड धमनीत चालते. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक झाली की गाडी अडते. शाळेत आम्ही फळ्यावर लाल-निळ्या नळ्या काढतो, पण खरी रक्तवाहिनी नुसती नळी नसते. तिला आतून जिवंत पेशींचे अस्तर असते, ते रक्त गोठू देत नाही. प्लास्टिकला ते नाही. जाड नळीत थोडी गुठळी धरली तरी वाट राहते, बारीक नळीत वाटच बंद.

म्हणून शास्त्रज्ञ रक्तवाहिनीच वाढवू लागले. लॉरा निकलसन यांनी १९९९ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेली धमनी जगापुढे मांडली. पुढे त्यांनीच काढलेल्या ह्युमासाइट कंपनीच्या रक्तवाहिनीला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मंजुरी दिली. विरघळणाऱ्या जाळीच्या नळीवर दात्याच्या पेशी वाढवतात. काही आठवड्यांत त्या आपल्याभोवती प्रथिनांची भिंत विणतात, जाळी विरघळून जाते. मग पेशी धुऊन टाकतात. परक्या पेशीच उरत नाहीत, म्हणून पेशंटचे शरीर ती नाकारण्याची भीती कमी. उलट त्याच्याच पेशी हळूहळू तिच्यात येऊन राहतात. युक्रेनच्या युद्धात जखमींना ती बसवलीही गेली.

आता बातमीच्या मथळ्यात न येणारा भाग. मंजुरी फक्त हातापायाची धमनी तुटलेल्या प्रौढ जखमींसाठी आहे, तीही तातडीची गरज असेल आणि स्वतःची शीर वापरता येत नसेल तेव्हाच. नळी फुटून जिवावर बेतू शकते, असा ठळक इशारा एफडीएने सोबत छापायला लावला आहे. डायलिसिससाठी चाचण्या झाल्या, पण या मंजुरीत ते नाही. बायपासही नाही. मंजूर नळी सहा मिलिमीटरची, हृदयाच्या धमन्या त्याहून कितीतरी बारीक. तिथे लागणारी साडेतीन मिलिमीटरची नळी कंपनीने आधी प्राण्यांवर तपासायला घेतली. म्हणजे डॉक्टरांनी अब्बांच्या पायाची शीर काढायची म्हटले, तर ते जुनाट इलाज करत नाहीत. आज बायपाससाठी हाती असलेले सामान तेच आहे.